‘द टेल-टेल हार्ट’मधील कबुलीजबाब

एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेचा विषय निघाला की सदसद्विवेकबुद्धीच्या विजयाची भाषा सुरू होते. खुनी कितीही धूर्त असो, त्याचे अंतःकरण त्याला स्वस्थ बसू देत नाही, असा तिचा आशय सांगितला जातो. कथा मात्र या अर्थाला फारसा थारा देत नाही.

निवेदकाला म्हाताऱ्याचा द्वेष नाही, त्याच्या धनाचा लोभही नाही. असह्य होतो तो पटल चढलेला, गिधाडासारखा त्याचा फिकट निळा डोळा. सात रात्री तो डोळा मिटलेला पाहून परततो. आठव्या रात्री खून होतो आणि प्रेताचे तुकडे फळ्यांखाली जातात. भ्यालेल्या म्हाताऱ्याची त्याला कीव येते, पण त्याच क्षणी तो मनात हसतोही. इतक्या काळजीने काम करणारा माणूस वेडा कसा असेल, हाच त्याचा सवाल. खुनाच्या आरोपापेक्षा वेडाचा आरोप त्याला अधिक झोंबतो.

त्याच वर्षी इंग्लंडात मॅक्नॉटन खटल्यानंतर कायद्याने कसोटी ठरविली: कृत्याचे स्वरूप व त्याची अयोग्यता आरोपीला कळत होती काय? (१८६०च्या भारतीय दंडसंहितेतील ८४व्या कलमात तीच कसोटी उतरली.) प्रेत लपविण्याची त्याची दक्षता पाहता न्यायालयाने या निवेदकाला बहुधा शहाणाच ठरविले असते.

कबुलीचा क्षण म्हणूनच बारकाईने पाहावा लागतो. तीन पोलीस अधिकारी आले आहेत. प्रेतावरच खुर्ची मांडून तो गप्पा मारतो आहे. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा आवाज वाढत जातो. त्याहूनही त्याला जाचते ती अधिकाऱ्यांची हसरी मुद्रा: यांना सारे ऐकू येत आहे आणि हे आपली थट्टा करीत आहेत! एका डोळ्याखाली ज्याला जगवले नाही, त्याच्यासमोर आता सहा डोळे आहेत. तो फुटतो तो या संशयाने. अनुतापाचा त्यात लवलेश नाही.

‘द इम्प ऑफ द पर्व्हर्स’मध्ये (१८४५) पोने अशाच कबुलीपूर्वी मानवी विकृतीवर लांबलचक प्रवचन जोडले आणि कथा उणावली. येथे त्याने काहीच उलगडून सांगितलेले नाही. कापसातल्या घड्याळाची उपमा खुनापूर्वीही येते. तेव्हा ती म्हाताऱ्याच्या हृदयाला आहे. पुन्हा ऐकू येणारे हृदय कोणाचे? अनुतप्त माणसाला ते स्वतःचे म्हणून ओळखता आले असते. निवेदक मात्र शेवटच्या वाक्यापर्यंत ते म्हाताऱ्याचेच मानतो.