औंधचा चित्रकार आणि आधुनिकतेचा हिशेब

महाराष्ट्रातल्या आधुनिक चित्रकलेची गोष्ट आपण सहसा १९४७ सालापासून सांगतो. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह ग्रूप, जे. जे.च्या शिस्तीशी त्यांनी घेतलेला पंगा, मग पॅरिस आणि लंडन. ही गोष्ट खोटी नाही. मात्र ती सांगता सांगता आधुनिक असणे म्हणजे बंड करणे, असे समीकरण आपल्या डोक्यात पक्के होते. मग जो भांडला नाही, तो हिशेबातच येत नाही. माधव सातवळेकर (१९१५–२००६) हे असे हिशेबाबाहेर राहिलेले नाव आहे.

त्यांच्या घडणीची सुरुवात औंधपासून करावी लागते. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे. पण त्या संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. आटपाडी आणि किर्लोस्करवाडी ही आता सांगली जिल्ह्यात असलेली गावे त्यातलीच. १९१० साली ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजाने कारखान्यासाठी माळरान दिले, ते मुळात जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेलेले होते. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आडवा आला, म्हणून ते यंत्रांकडे वळले. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. चित्ररामायण त्यांनी काढले, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीही चित्रे केली. आणि माधवरावांचे वडील म्हणजे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण तेही जे. जे.त शिकलेले, हैदराबाद आणि लाहोरात चित्रे काढून पोट भरलेले व्यक्तिचित्रकार होते.

अशा गावात वाढलेल्या मुलाला चित्रकार होण्यासाठी घराशी भांडावे लागले नाही. भांडायला समोर कुणी नव्हतेच. त्यांच्या चित्रांचे बळ इथे आहे, आणि मर्यादाही इथेच आहे.

जे. जे.चे शिक्षण संपवून १९३७ साली ते युरोपला गेले. फ्लॉरेन्सची अकादमी, लंडनचे स्लेड, पॅरिसमधली ग्रांद शोमिएर असा प्रवास करून १९४० साली परतले. रझा पॅरिसला गेले ते त्यानंतर दहा वर्षांनी. याच ग्रांद शोमिएरमध्ये काही वर्षे आधी अमृता शेरगिल शिकल्या होत्या. दोघांच्या वयात फक्त दोन वर्षांचे अंतर. पॅरिस पाहून दोघेही खेड्यातल्या माणसांकडे वळले. म्हणून ही तुलना टाळता येत नाही.

शेरगिलच्या बायका बसून असतात. त्यांची नजर कुठेच पोचत नाही, आणि ते थांबलेपण बघणाऱ्याला अस्वस्थ करते. सातवळेकरांचे खेडे थांबत नाही. बाजार, डोक्यावरचे ओझे, सणाची लगबग यांत माणसे गुंतलेली असतात. युरोपात कमावलेले शरीररचनेचे ज्ञान ते मिरवत नाहीत. छायाप्रकाश कमी करून सपाट रंग आणि लयदार रेषा यांवर ते आकृती उभी करतात. सगळे काही येत असताना काय गाळायचे, हे ज्याला कळते त्याचीच ही रेषा असते. याला परंपरेकडे माघार म्हणणे चूक आहे.

पण याच लयीचा एक धोकाही आहे. रेषा फार गोड झाली की माणसाचे कष्ट दिसेनासे होतात आणि खेडे भिंतीवरची शोभा बनते. माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्याला लागून वाढलेल्या चित्रकाराकडून कोरडेपणाची, टंचाईची अपेक्षा आपण ठेवली, तर ती अनेकदा पुरी होत नाही. आटपाडीच्या परिसरातलीच माणसे व्यंकटेश माडगूळकरांच्या गद्यात जितकी उघडीवाघडी भेटतात, तितकी ती या चित्रांत भेटत नाहीत. शेरगिल इथे पुढे राहते. हे स्पष्ट म्हटले तरच सातवळेकरांची बाजू घेण्यात अर्थ आहे. नुसत्या आदराने कुणाची चित्रे जिवंत राहत नाहीत.

त्यांचा दुसरा वारसा कॅनव्हासवर नाही. १९५४ साली त्यांनी मुंबईत इंडियन आर्ट इन्स्टिट्यूट काढली. १९६९ ते १९७५ ते महाराष्ट्राचे कला संचालक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळकरी पोरांच्या परीक्षा घेणारे खाते ते हेच. विटा, तासगाव, वडूज, कोरेगाव इथल्या मुलांची चित्रकलेशी पहिली ओळख बहुधा या परीक्षांमधूनच होते. बंडखोरांनी चित्रे ठेवली. खाते चालवण्याचे कंटाळवाणे काम दुसऱ्या कुणीतरी केले. कलेच्या इतिहासात या कामाला मोल नसावे, हे मला पटत नाही.

मग त्यांना कुठे ठेवायचे? उत्तर औंधच्याच डोंगरावर आहे. यमाईच्या वाटेवर बाळासाहेबांनी १९३८ साली उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे दगडातले ‘माता आणि मूल’ही आहे. पुराणातली नायिका आणि चेहऱ्याचे तपशील गाळलेला दगड एकाच छपराखाली ठेवताना त्या राजाला दोहोंपैकी एकाची निवड करावीशी वाटली नाही. आपल्या समीक्षेने मात्र ती निवड केली आणि मधली सगळी माणसे गमावली. सातवळेकर त्या मधल्या जागेतले आहेत. त्यांना प्रोग्रेसिव्हांच्या रांगेत घुसवायची गरज नाही. आधुनिकतेकडे जाणारी एक वाट मुंबईच्या आधी औंधवरूनही जात होती, एवढे कबूल करून त्यांची चित्रे पुन्हा एकत्र टांगावीत, नीट पाहावीत आणि जिथे कमी पडतात तिथे तसे सांगावे. चित्रकाराचा मान राखायचा तो असा.