नामांतर आणि निदान

रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गात व मूत्रमार्गात उद्भवणाऱ्या तक्रारींना वैद्यकाने दिलेली नावे शब्दार्थाच्या अभ्यासकाने अवश्य तपासावीत अशी आहेत. 'अ‍ॅट्रोफिक व्हजायनायटिस' आणि 'व्हल्व्होव्हजायनल अ‍ॅट्रोफी' या संज्ञा दीर्घकाळ रूढ होत्या. २०१४ मध्ये अमेरिकेतील दोन वैद्यकीय संस्थांच्या संमतीने त्यांच्या जागी 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज', म्हणजे रजोनिवृत्तीचा जनन-मूत्र लक्षणसमूह, ही संज्ञा आली.

जुन्या नावांचे दोष उघड होते. 'आयटिस' हा प्रत्यय शोथ सुचवितो. परंतु विकाराचे मूळ शोथात नसून इस्ट्रोजेनच्या ऱ्हासात आहे. 'अ‍ॅट्रोफी' या ग्रीक शब्दाचा मूलार्थ पोषणाचा अभाव. त्याने ऊतींची अवस्था कळते, स्त्रीची व्यथा कळत नाही. शिवाय मूत्रमार्ग व मूत्राशयाचा काही भागही इस्ट्रोजेनवर अवलंबून असता, दोन्ही नावे त्यांविषयी मौन पाळीत. वारंवार लघवीची घाई, दाह, पुनःपुन्हा होणारा जंतुसंसर्ग ही लक्षणे नव्या नावाने एका छत्राखाली आणली, हे त्याचे निःसंशय श्रेय होय.

तथापि नवी संज्ञाही निर्दोष नाही. 'रजोनिवृत्तीचा' हे विशेषण कारण ठरवून मोकळे होते. वस्तुतः स्तन्यपानाच्या काळात किंवा इस्ट्रोजेनविरोधी उपचारांतही अशीच अवस्था संभवते. 'लक्षणसमूह' म्हटल्याने अनेक लक्षणांची अपेक्षा निर्माण होते. पण एखादीस केवळ एकच तक्रार असते. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. 'व्हजायना' हा शब्द जाहीर चर्चेत संकोचाचा ठरतो, हेही नामांतराचे एक कारण सांगितले गेले. संकोच टळला खरा. परंतु नावात स्वतःची तक्रार ओळखण्याची रुग्णाची सोयही त्याबरोबर गेली.

या ठिकाणी मराठीचा दाखला उद्बोधक ठरतो. 'उन्हाळी लागणे' या वाक्प्रचारात लक्षण आणि उष्णतेचे कल्पित कारण एकत्र नांदतात. तो ऐकून घरचे थंड पेय देतात, तर वैद्य जंतुसंसर्ग गृहीत धरण्याचा संभव असतो. मूत्राचे जंतुसंवर्धन न करता प्रतिजैविके पुनःपुन्हा दिली गेली, तर मूळ विकार तसाच राहतो. योनिमार्गाचा कोरडेपणा व समागमातील वेदना यांना तर घरगुती बोलीत उच्चारण्याजोगा शब्दच सहसा सापडत नाही.

निदान मुख्यतः विचारपूस व प्रत्यक्ष तपासणी यांवर होते. योनिमार्गाचा सामू ५ च्या वर जाणे हा पूरक पुरावा होय, निर्णायक नव्हे. काही संसर्गांतही तो वाढतो. लक्षणे त्रासदायक असावीत आणि दुसऱ्या निदानाने अधिक समाधानकारकपणे उलगडत नसावीत, ही नव्या व्याख्येचीच अट आहे. म्हणून संसर्ग व त्वचाविकार वगळावे लागतात. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव तर या नावाखाली न झाकता स्वतंत्रपणेच तपासावा लागतो.

अंगातून वाफा येण्याचा त्रास पुष्कळ स्त्रियांत कालांतराने ओसरतो. ही लक्षणे मात्र उपचारावाचून बहुधा टिकतात किंवा वाढतात. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत अशा रीतीने वर्षानुवर्षे मोजावी लागते. नवी संज्ञा वर्गीकरणास उपयुक्त आहे; परंतु तपासणीच्या खोलीत ती प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही. तेथे कोरडेपणा, आग, वेदना आणि लघवीची घाई यांविषयी एकेक प्रश्न साध्या शब्दांत विचारला गेला पाहिजे.