हात धुणारी राणी : ‘मॅकबेथ’मधील निद्राभ्रमण आणि मंत्रचळ

प्रस्तावना : विल्यम शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ (सुमारे १६०६) या शोकांतिकेतील लेडी मॅकबेथचे हात धुणे हे मंत्रचळाचे, म्हणजेच ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डरचे, उदाहरण म्हणून अनेकदा दिले जाते. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘राजमुकुट’ (१९५४) या रूपांतरामुळे ही कथा मराठी रसिकांच्याही परिचयाची आहे. उपरोक्त निदान संहितेस कितपत धरून आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन : या निदानास आधार नाही असे नाही. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात दासी वैद्यास सांगते की, हात चोळण्याची ही क्रिया राणीच्या नित्याची असून ती कधी पाव तास चालते. पुनरावृत्ती आणि न जाणारा डाग ही दोन्ही लक्षणे मंत्रचळाशी जुळतात. तथापि, राणी हे सर्व गाढ झोपेत करते, या बाबीकडे समीक्षकांचे दुर्लक्ष होते. तिचे डोळे उघडे असतात, परंतु भान मिटलेले असते.

मंत्रचळाचा रुग्ण आपली कृती जागेपणी करतो. ती निरर्थक आहे हे त्याला बहुधा कळत असते, तरीही ती टाळता येत नाही. झोपेशी त्याचे नाते निराळे आहे. कडी, गॅस, नळ पुन्हा पुन्हा तपासण्यात रात्र सरते, झोप उशिरा लागते, एकूण निद्राकाल घटतो. काही रुग्णांत झोपेची वेळच पुढे सरकून पहाटेवर जाते. त्याची कृती झोपेच्या उंबरठ्यावर त्याला अडवते. राणीची कृती तो उंबरठा ओलांडल्यावर सुरू होते.

दुसरा भेद नैतिक आहे. रुग्णाला न घडलेल्या अनिष्टाचे भय असते. राणीच्या हातून अपराध प्रत्यक्ष घडला आहे. डंकनच्या वधानंतर, दुसऱ्या अंकात, थोड्याशा पाण्याने सारे धुऊन निघेल असे तीच पतीला बजावते. पाचव्या अंकात तेच पाणी अपुरे पडते. म्हणून तिचे हात धुणे हा विधी नसून स्मरण आहे. दिवसा इच्छाशक्तीने दाबलेले रात्री देहाकडून वदवून घेतले जाते. हे आपल्या विद्येपलीकडचे आहे, तिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज अधिक आहे, हा नाटकातील वैद्याचा अभिप्राय या दृष्टीने मार्मिक ठरतो.

समारोप : हा भेद केवळ पारिभाषिक नाही. लेडी मॅकबेथला मंत्रचळाची प्रतिनिधी ठरविल्यास, वारंवार हात धुणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या मागे एखादे दडलेले पाप असावे, असा संशय नकळत दृढ होतो. आधीच निष्कारण अपराधभावाने पोळलेल्या माणसावर हा दुहेरी अन्याय आहे. रुग्णाला उपचार हवे असतात; राणीला क्षमा हवी होती. साहित्याच्या अध्यापनात मानसशास्त्राचा आधार जरूर घ्यावा, परंतु निदानापूर्वी संहिता पूर्ण वाचावी, एवढेच या विवेचनाचे फलित होय.