पत्रे आणि दगड : केंब्रिजच्या ध्रुवीय संग्रहालयाची एक चिकित्सा

प्रस्तावना

संग्रहालयातील वस्तूचा अर्थ ती कोठे ठेवली आहे, कशाच्या शेजारी ठेवली आहे आणि तिच्या आधी प्रेक्षकाने काय पाहिले आहे यांवरून ठरत असतो. या दृष्टीने इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेचे संग्रहालय अभ्यासण्याजोगे आहे. या संस्थेची स्थापना १९२० साली झाली. तिचे संस्थापक फ्रँक डेबनहॅम हे भूशास्त्रज्ञ असून रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१०-१३ च्या अंटार्क्टिक मोहिमेत ते स्वतः सहभागी होते. स्कॉट यांच्या मृत्यूनंतर जनतेने उभारलेल्या स्मारकनिधीतून संस्थेला साहाय्य मिळाले. स्मारक आणि संशोधन हे दोन हेतू अशा प्रकारे संस्थेच्या जन्मापासूनच एकत्र नांदत आले आहेत. संग्रहालयाच्या मांडणीत या दोहोंपैकी कोणता हेतू वरचढ ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वास्तू आणि प्रवेश

संस्थेची १९३४ मधील इमारत हर्बर्ट बेकर यांनी रचली. नवी दिल्लीतील नॉर्थ ब्लॉक व साउथ ब्लॉक यांचे वास्तुरचनाकारही तेच. प्रवेशाच्या जागी मॅकडोनाल्ड गिल यांनी रंगविलेले दोन घुमट आहेत. एकावर उत्तर ध्रुवप्रदेशाचा नकाशा आहे आणि दुसऱ्यावर दक्षिण ध्रुवप्रदेशाचा. त्यांवर संशोधकांची नावे व जहाजे झळकतात. मंदिराच्या सभामंडपात उभे राहून घुमटाकडे पाहावे, तसा प्रेक्षक येथे मान वर करून नावे वाचतो. बर्फ, वारा, प्राणी आणि माणसे यांच्या आधी त्याला भेटते ती कीर्ती.

पत्रांचे सामर्थ्य

संग्रहातील सर्वाधिक हृदयस्पर्शी भाग म्हणजे अखेरची पत्रे. ॲमंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचलेल्या स्कॉट यांच्या पाच जणांच्या तुकडीपैकी एकही जण परतला नाही. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला तंबूत तीन मृतदेह, रोजनिशी आणि पत्रे सापडली. स्कॉट यांनी पत्नीस लिहिलेले अखेरचे पत्र २००७ मध्ये कुटुंबीयांनी संस्थेस दिले. बोटे गोठत असताना पेन्सिलीने लिहिलेल्या अक्षरांसमोर कोणताही संवेदनशील प्रेक्षक स्तब्ध होतो आणि त्यात वावगे काही नाही.

तथापि ज्यांनी लिहिले तेच अशा दालनात बोलू शकतात. एडगर एव्हान्स हा अधिकारी नव्हता. तो साधा नाविक होता. १७ फेब्रुवारी रोजी, इतरांच्या आधी, त्याचा अंत झाला. त्याचे असे अखेरचे पत्र नाही. कागदाला केंद्रस्थान देणाऱ्या मांडणीत त्याच्या वाट्याला मौन येते. हीच गोष्ट वेगळ्या अर्थाने आर्क्टिकच्या रहिवाशांची. इन्युइटांचे कातडी पोशाख आणि हिमचकाकीपासून डोळे वाचविणारे चिरेचे चष्मे हे शतकानुशतकांच्या प्रयोगशील ज्ञानाचे फलित होत. परंतु त्या वस्तूंवर करणाऱ्याचे नाव नसते. घुमटावरील नावांच्या छायेत हे ज्ञान साहाय्यक सामग्रीसारखे भासू लागते.

दगडांचे मौन

तंबूजवळच्या घसरगाडीवर आणखी एक ऐवज सापडला होता : सुमारे ३५ पौंड, म्हणजे जवळजवळ १६ किलो दगड. परतीच्या वाटेवर, फेब्रुवारी १९१२ मध्ये, बिअर्डमोर हिमनदीच्या परिसरात एडवर्ड विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळा केले होते. अन्न संपत आले, अंगातील शक्ती ओसरली, तरी हे ओझे त्यांनी टाकले नाही. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. केंब्रिजचेच वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. स्यूअर्ड यांनी १९१४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकेकाळी अंटार्क्टिका हिरवागार होता आणि दक्षिणेकडील भूखंड परस्परांशी जोडलेले होते, या विचाराला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

हे जीवाश्म लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. म्हणजे एकाच तंबूतून निघालेला वारसा दोन शहरांत विभागला गेला. पत्रे केंब्रिजला राहिली, दगड लंडनला गेले. मरण कसे आले ते पत्रे सांगतात. मरणाच्या वाटेवरही काय ओढून आणावेसे वाटले ते दगड सांगतात. पहिल्याशिवाय दुसरे कोरडे राहते आणि दुसऱ्याशिवाय पहिले केवळ करुण ठरते.

समारोप

ही चिकित्सा भारतीय अभ्यासकाला परकी नाही. गोंडवाना हे नावच मध्य भारतातील गोंड प्रदेशावरून आले आहे. चंद्रपूर परिसरातील कोळशाच्या थरांतही ग्लॉसोप्टेरिसचे ठसे मिळतात. १९८१-८२ पासून भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा सुरू आहेत. मैत्री व भारती या संशोधनकेंद्रांच्या कार्याची धुरा गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय संस्था वाहते. उद्या या कार्याचे दालन आपल्याकडे उभे राहिले, तर मोहीमप्रमुखांची छायाचित्रे लावून आपण थांबणार की त्यांनी आणलेल्या बर्फाच्या व खडकाच्या नमुन्यांना बोलू देणार, हा खरा प्रश्न आहे. स्वयंपाकी, यांत्रिक आणि तारायंत्र सांभाळणारा यांनाही त्या दालनात जागा असावी. पत्र आणि दगड एकाच काचपेटीत शेजारी शेजारी ठेवता आले, तर प्रेक्षकाचे डोळे पाणावतील आणि त्याच वेळी त्याला प्रश्नही पडतील. संग्रहालयाकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही. याहून कमी अपेक्षाही करू नये.