तेरचे साचे आणि पुनर्वसित गावे: धाराशिव जिल्ह्यातील समाजविद्या व कलाशिक्षण

समाजशास्त्र, मानवशास्त्र, कलेतिहास आणि प्रत्यक्ष कलानिर्मिती या चारही विद्यांच्या अभ्यासाला लागणारी सामग्री धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत विपुल आहे. पण पदवी अभ्यासक्रमात त्यांपैकी समाजशास्त्र हा एकच विषय येथे खऱ्या अर्थाने रुजला, आणि तोही बहुतांशी पुस्तकी रूपात. चार विद्या एकमेकींपासून आणि भोवतालच्या प्रदेशापासून तोडून शिकवल्या जातात, हा येथील शिक्षणातला मूळ दोष होय. साधनांची टंचाई त्यानंतर येते.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होते आणि प्रदेशाची प्रत्यक्ष पाहणी हाच त्यांच्या विचाराचा पाया होता, पुढे गो. स. घुर्ये यांनी या विद्येला ग्रंथनिष्ठ शिस्त दिली. मराठवाडा मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि येथील स्वतंत्र विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले, त्यामुळे हा विषय जिल्ह्यात पोहोचला तो तयार अभ्यासक्रमाच्या रूपात. सामाजिक स्तरीकरण, म्हणजे संपत्ती, जात व सत्ता यांनुसार समाजाची होणारी उतरंड, ही संकल्पना विद्यार्थी व्याख्येसह पाठ करतो. तिचे उदाहरण आपल्याच तालुक्यात उभे आहे, हे त्याला कोणी दाखवून देत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूरबरोबर उमरगा-लोहारा भागाचीही मोठी हानी झाली आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने जी गावे नव्या जागी वसवण्यात आली, तेथील घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्यापुढच्यांना ७५० चौरस फूट, अशी ती विभागणी होती. दगडमातीच्या भिंती, वर माळवद आणि जातवार आळ्या अशी घडण असलेले गाव सरळ, रुंद रस्त्यांच्या चौकटीत गेले, तेव्हा शेजार बदलला का, दारातली बायकांची बैठक कुठे गेली, सातबाऱ्यावरची उतरंड घराच्या भिंतींत कायमची कोरली गेली का, या प्रश्नांवर एका पिढीचे संशोधन उभे राहू शकले असते. भूकंपावर लेखन पुष्कळ झाले. परंतु त्यातले फारच थोडे स्थानिक महाविद्यालयांच्या वर्गांतून आले.

याला ठळक अपवाद तुळजापूरचा. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात येथे ग्रामीण केंद्र उभारले आणि क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत राहून केलेली पाहणी व काम, शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. ही संस्था जिल्ह्याचे भूषण आहे यात शंका नाही. मात्र तिचे प्रवेश अखिल भारतीय पातळीवरचे आणि अध्यापन इंग्रजीतले असल्यामुळे परंड्याच्या वा भूमच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला ती गावाजवळ असूनही दूरच राहते, आणि शेजारच्या महाविद्यालयांच्या अध्यापनावर तिची छाप अपेक्षेइतकी पडलेली दिसत नाही.

मानवशास्त्र तर मराठवाड्याच्या कला शाखेत रुजलेच नाही. माणसाची शरीररचना, नातेसंबंध, विधी आणि भौतिक संस्कृती यांचा एकत्र विचार करणारी ही विद्या येथील तरुणांना कळते ती बहुधा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतला वैकल्पिक विषय म्हणून. इरावती कर्वे यांनी डेक्कन कॉलेजात ही परंपरा समर्थपणे उभी केली, ग्युंथर सोन्थायमर यांनी खंडोबा व धनगर समाजाच्या अभ्यासासाठी महाराष्ट्र पायी पालथा घातला, रा. चिं. ढेरे यांनी तुळजाभवानीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; आणि ज्या तुळजापुरात गोंधळी व आराधी यांची परंपरा आजही चालू आहे, तेथला पदवीचा विद्यार्थी त्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळेकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला शिकत नाही.

कलेतिहासाची स्थिती याहून खेदजनक आहे, कारण तेर याच जिल्ह्यात आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाने आलेल्या या व्यापारी नगरात त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर उभे आहे. त्याची मागील बाजू अर्धगोल आणि छत हत्तीच्या पाठीसारखे, म्हणून या प्रकाराला गजपृष्ठाकार म्हणतात. मूळचे बौद्ध चैत्यगृह पुढे विष्णुमंदिर झाले, असे अभ्यासक मानतात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात केओलिन या पांढऱ्या मातीच्या सातवाहनकालीन मूर्ती आहेत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून, दोन्हींत माती दाबून, ते अर्धे भाग जोडून आतून पोकळ मूर्ती घडवण्याचे हे तंत्र होते. बारकाईने पाहिल्यास काही मूर्तींच्या कडेला जोडाची रेघ दिसते. ही रेघ वाचणे म्हणजेच कलेतिहास, आणि तोच जोड हाताने करून पाहणे म्हणजे कार्यशाळेतले शिक्षण.

परंतु कार्यशाळेचे शिक्षण वेगळ्याच मार्गाने जाते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेते. त्यांतल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ वा ३ वाढीव गुण मिळत आल्याने पुष्कळ पालकांच्या लेखी चित्रकला म्हणजे टक्केवारीचा आधार एवढेच उरले आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हा क्रम हाताला वळण लावतो, हे त्याचे मोल नाकारता येणार नाही. पण त्यात तेरची माती कुठेही येत नाही. पुढे शिकू पाहणाऱ्याला छत्रपती संभाजीनगर वा मुंबई गाठावी लागते. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेने १९५० पासून चित्रकार आणि कलेतिहासकार एका छताखाली घडवले. महाराष्ट्रात ही सांगड क्वचितच घातली गेली.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने पदवीच्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांना श्रेयांक दिले आहेत. या श्रेयांकांचा उपयोग प्रश्नावलीचे छापील नमुने भरण्यासाठी करायचा की समाजशास्त्र, इतिहास आणि चित्रकला यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून तेरच्या संग्रहालयातील मूर्तींची सचित्र मराठी सूची तयार करण्यासाठी, लोहाऱ्याच्या पुनर्वसित गावांतील घरांत तीस वर्षांत झालेल्या बदलांचे आराखडे काढण्यासाठी, हे आता प्राध्यापकांच्या हाती आहे. त्यासाठी लागते ती मोजपट्टी, वही, संग्रहालयाची लेखी परवानगी आणि वेळापत्रकात आठवड्यातली एक पूर्ण मोकळी दुपार.