एक चौकट, दहा पोस्टरं

संगीताच्या कार्यक्रमाचं पोस्टर शिळं होण्यासाठीच जन्माला येतं. शनिवारी रात्री कार्यक्रम संपला की रविवारी सकाळी ते रद्दीत जमा. तरीही १९६६ ते १९७१ या काळात सॅन फ्रान्सिस्कोत छापलेली काही पोस्टरं आज संग्रहालयांत आहेत, लिलावात मोठ्या किमतीला जातात, आणि त्यांच्या नंतरच्या छपाया जगभर घराघरांत लागल्या आहेत. त्यांच्याबद्दल मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे: खिशाला परवडेल अशा बेताने या पोस्टरची फ्रेम कशी करावी, आणि जी भिंतीवर नाहीत ती ठेवावीत कशी?

प्रश्न फ्रेमवाल्याचा वाटेल, पण आहे समीक्षेचा. चित्राला चौकट घालताना त्या चित्रात महत्त्वाचं काय, हे आपण ठरवत असतो. फरक इतकाच की एखाद्या कवितेबद्दल कुणी चुकीचं मत दिलं तरी कविता शाबूत राहते. इथे मत चुकलं तर शाई उडते आणि कागद करपतो.

आधी पोस्टरांकडेच पाहू. बिल ग्राहमचं फिलमोर ऑडिटोरियम आणि चेट हेल्म्सच्या ‘फॅमिली डॉग’चा अ‍ॅव्हलॉन बॉलरूम ही त्या शहरातली दोन ठिकाणं. जवळपास दर आठवड्याला नवा कार्यक्रम, म्हणून जवळपास दर आठवड्याला नवं पोस्टर. वेस विल्सनने व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अक्षरं पाहिली आणि ती आणखी फुगवली, वितळवली, एकमेकांत घुसवली. त्याच्या पोस्टरात अक्षर कुठलं आणि मधली मोकळी जागा कुठली, हे कळायला थांबावं लागतं. जाहिरातीच्या हिशेबाने हा दोष. पण रस्त्यावरचा माणूस थांबला की निम्मं काम झालंच.

व्हिक्टर मोस्कोसो तर येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सच्या हाताखाली शिकलेला. रंगांबद्दल जे टाळायला शिकवलं गेलं, तेच त्याने पोस्टरांत ठासून केलं. एकाच उजळपणाचे दोन विरोधी रंग, समजा लाल आणि हिरवा, शेजारी ठेवले की डोळ्याला त्यांच्यामधली कड सापडत नाही, आणि ती कड थरथरल्यासारखी दिसते. स्थिर कागदावर हालचाल दिसते ती या हिशेबामुळे. त्याच्या काही पोस्टरांवर लाल आणि निळा दिवा आलटून पालटून टाकला तर चित्रंही आलटून पालटून दिसतात. म्हणजे उजेड हा त्या चित्राचाच एक भाग आहे.

तिसरी गोष्ट उसनवारीची. स्टॅन्ली माउस आणि आल्टन केली ही जोडी सार्वजनिक ग्रंथालयात बसून जुनी पुस्तकं चाळायची. अ‍ॅव्हलॉनमधल्या सप्टेंबर १९६६च्या ‘ग्रेटफुल डेड’च्या कार्यक्रमासाठी त्यांनी गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा घेतला. तो मुळात एडमंड सलिव्हनने उमर खय्यामच्या रुबायांसाठी केलेल्या काळ्यापांढऱ्या चित्रांतला. आपल्याकडे माधव ज्यूलियनांनी ज्या रुबाया मराठीत आणल्या, त्याच. फारसी कवी, इंग्रज चित्रकार आणि कॅलिफोर्नियातला बँड यांची गाठ अशी एका ऑफसेट छपाईच्या कागदावर पडली.

या कागदाला कुणी जपण्याजोगं मानलं नव्हतं. लावलेली पोस्टरं लोक उतरवून घरी नेतात हे ग्राहमच्या लक्षात आलं, आणि पुढे फिलमोरच्या प्रेक्षकांना ती फुकट वाटली जाऊ लागली. ज्यांनी ती नेली त्यांनी टाचण्या मारल्या, चिकटपट्टी लावली, खिडकीशेजारी टांगली. त्यातली जी टिकली, ती बहुतेक कुणीतरी कपाटात टाकून विसरल्यामुळे.

आता फ्रेमच्या दुकानात जाऊ. सॅन फ्रान्सिस्कोहून पुण्यामुंबईत ही पोस्टरं येतात ती बहुधा बे एरियात नोकरीला गेलेल्या कुणाच्या तरी सामानातून, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गुंडाळून. पहिली छपाई पगारदार माणसाच्या आवाक्यात नसते. येतात त्या नंतरच्या छपाया, किंवा आजच्या एखाद्या बँडची मोजक्या प्रतींची स्क्रीन प्रिंट. नळकांडं उघडून आपण पोस्टर काउंटरवर पसरतो आणि दुकानदार म्हणतो, “साहेब, एमडीएफवर चिकटवून लॅमिनेशन मारून देतो. पन्नास वर्षं बघायला नको.”

त्याचा हेतू चांगला असतो. ओल, धूळ, पोरांचे हात यांपासून लॅमिनेशन खरोखर वाचवतं. पण कागदाचं मरण बरेचदा आतून येतं. एमडीएफ, हार्डबोर्ड, साधा राखी पुठ्ठा हे लाकडाचेच भाऊबंद. त्यांतून वर्षानुवर्षं आम्ल झिरपत राहतं आणि त्याला टेकलेला कागद पिवळा, मग तपकिरी, मग ठिसूळ होतो. जुन्या फ्रेम उघडल्यावर खिडकीसारख्या कापलेल्या माउंटच्या कडेने तपकिरी रेघ दिसते, ती हीच. चिकटवलेलं पोस्टर सोडवता येत नाही, आणि लॅमिनेशन काढायला गेलं तर शाईही सोबत निघते. आमच्या धंद्यात ज्या बदलातून मागे फिरता येत नाही तो करण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. हा नियम कागदालाही लावावा: पोस्टरला जे करायचं, ते उद्या दुसऱ्या कुणाला काढता आलं पाहिजे.

हा नियम धरला की पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरतं. पहिला खर्च पोस्टरला प्रत्यक्ष टेकणाऱ्या गोष्टींवर. मागे आणि पुढे आम्लविरहित बोर्ड. कापसाच्या लगद्याचा मिळाला तर उत्तम. पोस्टर धरायला पॉलिएस्टर फिल्मचे कोपरे, म्हणजे कागदाला चिकट काही लागतच नाही. चिकटवणं भाग असेल तर वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या पिठाची खळ. पाण्याने सुटते, हा तिचा मोठा गुण. फक्त आपले जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, तो इथे घालू नये. तांबं कागदाला खातं. सेलोटेप आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी दुकानातच ठेवावी.

दुसरा खर्च काच आणि कागद यांच्यात फट ठेवण्याचा. तेवढं काम माउंटची जाडी करते. फट नसेल तर पावसाळ्यात आत धरणाऱ्या दमटपणाने शाई काचेला चिकटते.

पैसे वाचवायचे ते मापात. फिलमोरची बरीचशी पोस्टरं साधारण १४ बाय २१ इंचांची आहेत. आपल्याकडे तयार मिळणारी ए-२ मापाची फ्रेम आतून साडेसोळा बाय जवळपास साडेतेवीस इंच. म्हणजे चारही बाजूंना सुमारे सव्वा इंच माउंट बसतं, आणि खास मापाची पट्टी कापून घेण्याचा खर्च टळतो. माउंट पांढरट, साधं असावं. मोस्कोसोच्या पोस्टरभोवती लाल किंवा हिरवं माउंट घालणं म्हणजे गाणं चालू असताना शेजारी दुसरा रेडिओ लावणं. पट्टीही नक्षीची नको; सोनेरी महिरप घातली की टेलिफोनच्या खांबावरचा कागद दिवाणखान्यातला राजा होतो.

राहिला उजेड. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक साध्या काचेपेक्षा बरंच महाग असतं, आणि ते घेतलं की काम झालं असा समज असतो. तो अर्धवट आहे. डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो. संग्रहालयं कागदावरच्या कामांवर साधारण ५० लक्स इतकाच मंद उजेड टाकतात, आणि तोही काही महिनेच. रंग कसे उडतात हे पाहायला लांब जायला नको. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात वर्षानुवर्षं उन्हात असलेले नटांचे फोटो पाहा: लाल आणि पिवळं गेलेलं, निळं आणि काळं उरलेलं. चेहरा ओळखू येतो, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

मोस्कोसोचं सगळंच बिघडतं. त्याचं चित्र दोन रंगांच्या समान उजळपणावर उभं आहे. एक रंग दुसऱ्याआधी फिका पडला की तोल गेला, डोळ्याला कड सापडली, थरथर थांबली. मजकूर वाचता येतो, आकृती ओळखू येते, पण जे पाहायचं होतं ते निघून गेलेलं असतं. कागद फाटण्याची वाटही न पाहता पोस्टर असं मरू शकतं. आणि ते अंधारात ठेवलं तर जिवंत राहतं, पण दिसत नाही. या कलेतला खरा पेच हा आहे.

बाजाराने या पेचाला आपलं उत्तर दिलं आहे. टाचणीचं भोक नाही, घडी नाही, हात लागलेला नाही, अशा प्रतीला सर्वांत जास्त भाव. तिला गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंदही केलं जातं. मला हे उत्तर पटत नाही. भोक नसलेलं पोस्टर म्हणजे कधीच खांबावर न लागलेलं पोस्टर. ज्याने आपलं काम केलं नाही त्याला पहिला क्रमांक. टाचणीची चार भोकं बुजवून घेण्यासाठी पैसे मोजावेत असंही मला वाटत नाही. ती त्या कागदाच्या नोकरीची नोंद आहे. माउंटखाली झाकायचीही गरज नाही. माउंटची खिडकी पोस्टरपेक्षा जराशी मोठी कापून कडा उघड्या ठेवता येतात. त्यासाठी माउंट थोडं अरुंद, एवढाच फरक.

पेटीपेक्षा चांगलं उत्तर खुद्द फिलमोरच्या पद्धतीत आहे. तिथे एक पोस्टर कायम नव्हतं. कार्यक्रम बदलला की पोस्टर बदलायचं. घरीही तसंच करावं. दहा पोस्टरांना दहा स्वस्त फ्रेम करण्याऐवजी एकच फ्रेम नीट करावी: चांगला बोर्ड, चांगली काच, आणि मागे खिळे न ठोकता फिरवून उघडणाऱ्या पट्ट्या. दर एक-दोन महिन्यांनी पोस्टर बदलावं. दहा पोस्टरं फिरती ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक दशांश उजेड येतो. उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही, साचत जातं; म्हणून ही वाटणी महागड्या काचेइतकीच मोलाची, आणि ती फुकट आहे.

उरलेली नऊ पोस्टरं आडवी, सपाट ठेवावीत. नळकांडं प्रवासापुरतं ठीक. वर्षभर गुंडाळलेला कागद सरळ होताना तडकतो. आम्लविरहित कागदाच्या घड्या करून त्यांत एकेक पोस्टर सरकवावं आणि सगळी चळत मोठ्या फोल्डरमध्ये घालून पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळाशी, पण जमिनीपासून वर ठेवावी. प्लास्टिकची पाकिटं हवीच असतील तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची. पीव्हीसीला नवेपणाचा वास येतो, तो कागदाच्या हिताचा नसतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओल्या झाल्या की बदलाव्यात, नाहीतर त्या नुसत्याच पडून राहतात. कसर आणि वाळवीवर डांबराच्या गोळ्यांपेक्षा महिन्यातून एकदा फोल्डर उघडून पाहणं हा भरवशाचा उपाय. पोस्टर बदलायचा दिवस त्यासाठी आयताच मिळतो.

फ्रेम टांगायची ती बाहेरच्या भिंतीवर नको. पहिल्या जोरदार पावसात तीच भिंत ओल धरते. आतल्या भिंतीवर, खिडकीसमोर नव्हे, आणि मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवून. भिंत आणि फ्रेम यांच्यात तेवढी हवा खेळली तरी पुरते. भाड्याच्या घरात खिळा ठोकू देत नसतील तर फ्रेम कपाटावर टेकवून ठेवावी. टेकवलेली फ्रेम तात्पुरती दिसते आणि ते या पोस्टरांना शोभतं.

या सगळ्यात एक तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. एका वेळी एकच पोस्टर दिसतं. पाहुण्यांना सगळा संग्रह एका नजरेत दाखवता येत नाही. पण बारा महिने एकाच जागी असलेलं चित्र आपण दुसऱ्या महिन्यापासून पाहायचं सोडून देतो. ते भिंतीचा भाग होतं. विल्सनची अक्षरं वाचायला वेळ लागावा म्हणूनच तशी काढली आहेत आणि मोस्कोसोचे रंग डोळ्याला सवय नसताना सर्वांत जास्त थरथरतात. दहा महिने अंधारात राहून आलेलं पोस्टर चौकटीत बसवलं की पुन्हा थांबून वाचावं लागतं.