‘वाया गेला’ म्हणण्यापूर्वी : रिचर्ड जेसर यांच्या संशोधनाविषयी

पंधरा वर्षांचा मुलगा सिगारेट ओढताना दिसला, मागोमाग बिअरची कुणकुण लागली, शाळा बुडू लागली, की आपल्याकडे एकच निकाल लागतो : ‘पोरगा वाया गेला.’ या निकालात दोन विधाने आहेत. हे सारे अवगुण हातात हात घालून येतात, हे एक. आणि गेलेला परत येत नाही, हे दुसरे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड जेसर यांच्या संशोधनाने पहिल्या विधानाला आधार दिला आणि दुसऱ्याला हादरा. त्यांचे काम आज वाचायचे ते या दोहोंसाठी.

जेसर १९५१ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात रुजू झाले. त्या राज्याच्या नैर्ऋत्येकडील एका लहान गावात गोरे, स्पॅनिश वंशाचे आणि यूट आदिवासी असे तीन समाज राहत. तेथील मद्यपानाचा अभ्यास १९६८ मध्ये ग्रंथरूपाने आला. ‘त्यांच्या रक्तातच दारू आहे’ हे सोपे उत्तर जेसर आणि सहकाऱ्यांनी स्वीकारले नाही. कोणाला किती संधी मिळते, भोवतालचे लोक काय खपवून घेतात आणि माणसाला स्वतःकडून काय अपेक्षा उरली आहे, या अंगांनी त्यांनी मद्यपानाची उकल केली.

पुढे १९६९ ते १९७२ अशी सलग चार वर्षे त्यांनी चारशेहून अधिक शाळकरी मुलामुलींचा मागोवा घेतला. शर्ली जेसर यांच्यासह लिहिलेला त्यावरील ग्रंथ १९७७ चा. दारू, गांजा, लहान वयातले शरीरसंबंध, किरकोळ गुन्हे या गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतात, हा त्याचा गाजलेला निष्कर्ष. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यामागचे स्पष्टीकरण. या कृतींना मुलांच्या दृष्टीने काही प्रयोजन असते, असे जेसर मानतात : मोठे झाल्याची द्वाही फिरवणे, मित्रांत सामावणे, अपयशाचा सल विसरणे. ते प्रयोजन न ओळखता नुसती बाटली काढून घेतली, तर गरज तशीच राहते.

मात्र ‘समस्या-वर्तन’ या त्यांच्या मध्यवर्ती संज्ञेपाशी थांबावे लागते. समस्या कोणाची? व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात जेसर यांच्या मोजपट्टीत आक्रमक निषेध-आंदोलनातला सहभागही गांजाच्या पंगतीला बसला होता. उलट बाजूला, रूढ वर्तनाच्या रकान्यात, चर्चला जाणे आणि अभ्यास. प्रस्थापित समाज ज्याला नाके मुरडतो ते समस्या, अशी ही व्याख्या आहे. जेसर यांनी ती लपवली नाही, आणि यांतल्या बऱ्याच कृती केवळ वयामुळे आक्षेपार्ह ठरतात हेही नोंदवले. तरी नशा आणि निषेध एका सूत्रात ओवणारा सिद्धान्त वडीलधाऱ्यांच्या बाजूला थोडा झुकणारच. त्याच कोलोरॅडोत २०१४ पासून एकवीस वर्षांवरील कोणीही दुकानातून गांजा विकत घेऊ शकतो. मोजपट्टीवरची खूण कायद्याने सरकते, ती अशी.

आता दुसरे विधान. १९७९ आणि १९८१ मध्ये जेसर पुन्हा त्याच मुलांकडे गेले. तोवर ती पंचविशी-तिशीच्या आसपास पोहोचली होती. १९९१ च्या ग्रंथात चित्र दिसते ते बव्हंशी स्थिरावलेल्या तरुणांचे. पौगंडावस्थेतल्या उद्योगांचा नोकरी-संसारावर कायमचा डाग पडल्याचे आढळले नाही. दिलासा देणाऱ्या या निष्कर्षाला एक अट आहे आणि ती खुद्द संशोधकांनी घातली आहे : ही मुले मुख्यतः मध्यमवर्गातली होती. चुकल्यावर परतण्याची वाट त्यांच्यासाठी खुली होती.

१९६८ च्या ग्रंथातला संधीचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. चूक सारखीच असते. ती पचवण्याची ऐपत घरागणिक बदलते. एकाला वडील दुसऱ्या शाळेत घालतात, दुसऱ्याला नापास झाल्यावर कामाला जुंपले जाते. पुढे जेसर धोक्याच्या घटकांबरोबर मुलाला सावरणारे घटकही मोजू लागले : आस्थेने चौकशी करणारा मोठा माणूस, आपलीशी वाटणारी शाळा, पुढे काही घडेल ही आशा. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांत पदार्थांच्या दुष्परिणामांची यादी असतेच. तिच्याशेजारी ही यादीही हवी. वाया ‘गेला’ असे म्हणताना आपण कर्तेपण मुलाच्या गळ्यात बांधतो. वाट कोणी बंद केली, हे विचारायचे राहून जाते.